नागपूरचे सत्तांतर आणि नर्मदेकाठचे पेंढारी

१/ शेजारच्या देशात सत्ता बदलली की सरहद्दीपलीकडून येणाऱ्या सशस्त्र टोळ्यांचे काय होते? काबूल (२०२१) आणि ढाका (२०२४) येथील घडामोडींनंतर हा प्रश्न वारंवार विचारला गेला. त्याचे एक जुने उत्तर नागपूरच्या इतिहासात आहे.

२/ सदरपासून जवळच असलेली सीताबर्डीची टेकडी १८१७ च्या लढाईसाठी प्रसिद्ध आहे. त्या लढाईच्या आगेमागे पेंढाऱ्यांचा प्रश्न होता, याचा मात्र सहसा विसर पडतो.

३/ पेंढाऱ्यांचे तळ नर्मदेच्या खोऱ्यात, शिंदे-होळकरांच्या छायेत होते. लूट मात्र परमुलखात. नागपूरच्या भोसल्यांच्या मुलखाला त्यांची झळ सतत बसे. १८१६ मध्ये ते थेट गुंटूरपर्यंत गेले. तरीही दुसरे रघूजी भोसले यांनी इंग्रजांची तैनाती फौज अखेरपर्यंत स्वीकारली नाही.

४/ मार्च १८१६ मध्ये रघूजी वारले. दरबारातील आपली बाजू बळकट करण्यासाठी अप्पासाहेबांनी मे महिन्यातच तैनाती फौजेचा तह केला. एका मृत्यूने दोन महिन्यांत सरहद्दीचे धोरण पालटले.

५/ पण हा तह टिकला नाही. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीवर अप्पासाहेबांच्या फौजेचा पराभव झाला. १८१८ मध्ये इंग्रजांनी त्यांना पदच्युत करून कैदेत टाकले. प्रयागकडे नेले जात असताना ते निसटले आणि महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला गेले. पुढे चितू पेंढारी त्यांना येऊन मिळाला.

६/ पेंढाऱ्यांपासून ज्यांच्या राज्याचे रक्षण व्हायचे होते, तेच आता पेंढाऱ्यांचे सोबती झाले. सत्तांतराने टोळीला नवा नेता मिळवून दिला.

७/ मग पेंढारी संपले कसे? शिंद्यांना नोव्हेंबर १८१७ च्या तहाने पेंढाऱ्यांविरुद्ध उभे राहावे लागले, आश्रय तुटला. त्यांच्याशी संधान असलेला अमीरखान टोंकचा नवाब झाला. शरण आलेल्या करीमखानाला गोरखपूरकडे जमीन मिळाली. चितू रानोमाळ भटकत राहिला. १८१९ मध्ये त्याला वाघाने मारले.

८/ आजही हेच दिसते. २००९ मध्ये हसीना सरकार आल्यावर ‘उल्फा’च्या नेत्यांचा बांगलादेशातील आसरा संपला. २०२१ मध्ये तालिबान परतल्यावर पाकिस्तानात ‘टीटीपी’चे हल्ले वाढले.

९/ म्हणून सिंहासनावर कोण बसले, एवढेच पाहणे अपुरे आहे. आश्रय कोणाचा, उपजीविका कशावर आणि पराभूतांना जागा कुठे, हे तीन प्रश्न अधिक महत्त्वाचे. शांततेची किंमतही विसरू नये: पेंढारी गेले, पण नागपूरचा कारभार रेसिडेंट जेंकिन्सच्या हाती गेला, आणि १८५४ मध्ये राज्यच खालसा झाले.