खांबावर चढायचे, तर जमिनीवरही घाम गाळा



मल्लखांब शिकणाऱ्या मुलांचे पालक एक प्रश्न हमखास विचारतात. 'पोरगं रोज तासभर खांबावर असतं, दोन-तीन महिने झाले, पण पुढचं काही जमत नाही. आता सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळ पाठवावं का?' आमचे उत्तर असते, नाही. खांबावरचा वेळ वाढवू नका. त्याच्या जोडीला दुसरा व्यायाम द्या.

याचे कारण मल्लखांबाच्या नावातच आहे. मल्ल म्हणजे पैलवान. पैलवानाला कुस्तीत जोर यावा म्हणून केलेला हा पूरक व्यायाम. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मल्लांनी करायच्या मेहनती सांगितल्या आहेत. त्यात वजन उचलणे आहे, चालणे आहे, पोहणे आहे आणि खांबावरची मेहनतही आहे. म्हणजे एकाच व्यायामाने शरीर पुरे पडत नाही, हे नऊशे वर्षांपूर्वीच्या लोकांनाही ठाऊक होते. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट दादा देवधर यांनी मल्लखांबाला आजचे रूप दिले. एकेकाळी दुसऱ्याला मदत करणारा हा व्यायाम आता स्वतंत्र खेळ झाला आहे, आणि आज त्याला स्वतःलाच मदतनीस हवे आहेत.

कोणी म्हणेल, ही पुण्या-मुंबईची गोष्ट, जानेफळला तिचे काय? तसे नाही. आपल्या विदर्भातच अमरावतीला १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले आणि १९३६ साली त्याच मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामाची प्रात्यक्षिके दाखवली. तालीम आपल्याला परकी आहे असेही कोणी समजू नये. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जोतीराव फुले घडले, हा इतिहास आपला आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. परदेशातले खेळाडू आपल्या खांबावर चढताना लोकांनी पाहिले. हिमानी परब यांना २०२१ चा आणि सागर ओव्हळकर यांना २०२२ चा अर्जुन पुरस्कार याच खेळासाठी मिळाला.

आता मुद्द्याकडे येऊ. मल्लखांब शरीराकडून काय काय मागतो? पहिली गोष्ट पकड. सागवानी किंवा शिसवी खांबाला एरंडेल तेल चोळलेले असते. अढी घालायची म्हणजे दोन्ही पायांनी तो खांब आवळून डोके खाली सोडायचे. तिथे मांड्या आणि पोट यांची परीक्षा असते. दोरीच्या मल्लखांबात तर पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्यात दोरी धरून वर सरकायचे असते. दुसरी गोष्ट लवचिकपणा, तिसरी तोल आणि चौथी दम. नव्वद सेकंदांचा संच करताना अर्ध्यावर श्वास फुलला, की सुटते ती पकड.

खांबावर हातांचे मुख्य काम ओढण्याचे असते, ढकलण्याचे फार कमी. नुसते ओढतच राहिले, तर छाती आखडते आणि खांदे पुढे झुकतात. मग खांदा दुखू लागतो आणि प्रगती तिथेच थांबते. यावर इलाज साधा आहे आणि त्याला पैसा लागत नाही.

जोर काढा. त्यात ढकलण्याचे काम होते आणि खांद्याचा समतोल राहतो. बैठका मारा, मांड्या आणि गुडघे पक्के होतात. आडव्या दांडीला लटकून रहा. आधी १० सेकंद, मग २०, मग ३०. पकड त्यानेच वाढते. कोपरे आणि पायांची बोटे जमिनीला टेकवून शरीर फळीसारखे सरळ धरा, पोट घट्ट होते. दमासाठी धावणे किंवा खो-खो. खो-खोत बसणे, उठणे, वळणे सारे आले. दोरीवरच्या उड्या मारताना गुडघे किंचित वाकवून, पायाच्या चवड्यांवर हलके उतरायची सवय लावा. खांबावरून खाली येताना हीच सवय घोटा वाचवते. भुजंगासन, धनुरासन, पश्चिमोत्तानासन ही आसने व्यायाम संपल्यावर, अंग गरम असताना करावीत. थंड अंगाला ताण देऊ नये. आणि जे उजव्या बाजूने कराल, ते डाव्या बाजूनेही करा.

आठवड्याची आखणी अशी ठेवता येईल. तीन दिवस मल्लखांब, एक दिवस आड. मधल्या दोन दिवशी जोर, बैठका, लटकणे आणि धावणे. एक दिवस खो-खो किंवा कबड्डी. एक दिवस पूर्ण विश्रांती. विश्रांतीला आळस समजू नका. स्नायू मेहनतीच्या वेळी थकतो आणि झोपेत भरून येतो.

आता आपल्या घरांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पुष्कळ वडीलमंडळी म्हणतात, 'आमच्या पोरांना वेगळा व्यायाम कशाला, कामच काय कमी आहे?' काम कमी नाही, हे खरे. पण काम आणि व्यायाम एक नव्हे. निंदताना माणूस तासन्‌तास एकाच अंगाने वाकतो. फवारणीच्या पंपाचा भार पाठीवर, हाताची हालचाल एकाच बाजूची. पोती वाहणाऱ्याची मान आणि कंबर झिजते. काम शरीर वापरते, व्यायाम शरीर घडवतो.

म्हणून हिशेब मांडताना कामही त्यात धरा. सोयाबीनची सोंगणी किंवा कापूस वेचणी करून आलेल्या मुलाला त्याच संध्याकाळी खांबावर चढवू नका. थकलेल्या हाताची पकड सुटते आणि मूल डोक्यावर पडते. त्या दिवशी पाठ मागे वाकवणारी दोन-तीन आसने आणि रात्रीची पुरेशी झोप एवढाच व्यायाम. शिकवणाऱ्यांनीही रोज विचारावे, 'आज कामाला गेला होतास का?' हे न विचारता मुलाला 'ढिला आहे' म्हणणे अन्याय आहे.

हाच हिशेब मुलीच्या बाबतीत तर कोणी मांडतच नाही. पाण्याचे हंडे, धुणी-भांडी, धाकट्या भावंडाला कडेवर घेणे, हे सारे तिच्या अंगावरचे ओझेच आहे. ती मैदानावर येते तेव्हा निम्मी थकलेली असते. मग भावाची प्रगती होते, तिची होत नाही, आणि आपण म्हणतो, 'मुलीच्या जातीला हे जमत नाही.' जमते. देशात आज शेकडो मुली दोरीच्या मल्लखांबावर उत्तम खेळतात. सरावाच्या दिवशी घरातले एक काम भावाने उचलले, तरी फरक दिसेल. मासिक पाळीच्या दिवसांत तिला बरे वाटत असेल, तर हलका व्यायाम करायला हरकत नाही. सक्ती नको आणि बंदीही नको. आणि घरात अंडे एकच असेल, तर ते दोघांत वाटा. हरभरे, शेंगदाणे, डाळ, पालेभाजी आणि वर लिंबू पिळावे. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही. शाळेत मिळणारी लोहाची गोळी फेकून देऊ नये.

काही धोक्याच्या सूचना. जाणत्या शिक्षकाशिवाय आणि खाली गादीशिवाय खांब किंवा दोरी करू नये. झाडाच्या फांदीला मिळेल ती दोरी बांधून डोके खाली करण्याचा प्रयोग तर मुळीच नको. स्नायू दोन दिवस अवघडले तर चिंता नाही. पण सांध्यात कळ येत असेल, सूज असेल, हात वर जात नसेल, तर खेळ थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. वाढत्या वयाची हाडे कच्ची असतात, दुखणे अंगावर काढू नये.

शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. मात्र कोणती स्पर्धा आणि कोणते प्रमाणपत्र चालते, हे बुलडाण्याच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आधीच विचारून घ्यावे आणि प्रत्येक कागदाची प्रत जपून ठेवावी. कोणी पैसे घेऊन प्रमाणपत्र देतो म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

प्रत्येक मूल पदक आणणार नाही. पण ज्याचा खांदा सरळ आहे, पाठ ताठ आहे आणि दम भरपूर आहे, तो पोलीस भरतीच्या मैदानावर, शेतात आणि कारखान्यात उभा राहील. विहाराच्या पटांगणात एक आडवी दांडी बसवायला फार खर्च येत नाही. या महिन्यात तेवढे तरी करा, आणि पहिल्या दिवशी तिथे मुलींना आधी लटकू द्या.