उपवासाचा बटाटा आणि बहिष्कृत हळद

उपवासाच्या बटाट्याच्या भाजीविषयी लिहिण्याजोगे काय असणार, असे वाचकांस वाटेल. आम्हांसही गेल्या संकष्टीपर्यंत तसेच वाटत होते. त्या दिवशी परिचयातील एका घरी नव्या सुनेने सवयीने फोडणीत चिमूटभर हळद टाकली. कढईभर भाजी बाजूला काढली गेली आणि तिलाच पुन्हा बटाटे उकडावयास लावले. कारण एकच: "आपल्या परंपरेत चालत नाही."

ही परंपरा एकदा कढईत डोकावून पाहावी. बटाटा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीतला. आपल्याकडे तो आला पोर्तुगीज नाव घेऊन. ज्याचे कूट घालायचे तो भुईमूग त्याच खंडाचा. मिरची मेक्सिकोकडची, मिऱ्याचे नाव उसने घेऊन ती इथली झाली. शेजारची खिचडी म्हणाल, तर आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोही दक्षिण अमेरिकेचाच. सोळाव्या शतकापासून पुढे आलेले हे पाहुणे सोवळे नेसून पाटावर बसले आहेत, आणि हजारो वर्षे इथल्या मातीत रुजलेल्या हळद-मोहरी उंबऱ्याबाहेर!

"बटाटा कंद आहे, कंदमुळे चालतात," असे समर्थन ऐकू येते. मग हळकुंड काय झाडाला लागते? अनेक घरांत आले चालते, त्याची सख्खी बहीण चालत नाही. हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

आमचा आक्षेप उपवासाला नाही. भाजीला तर नाहीच नाही. सालासकट उकडून पुरते निवू दिलेले बटाटे (गरम चिरणाऱ्यांच्या कपाळी लगदाच येतो), तुपात फुललेले जिरे, उभी चिरलेली हिरवी मिरची, सैंधव, किंचित साखर. कूट अगदी शेवटी, नाहीतर करपते. आणि वरून लिंबू. तळाशी धरलेल्या खरपूस खरवडीसाठी आम्ही एकादशीची वाट पाहतो, हेही कबूल.

आक्षेप आहे तो विसराळूपणाला. स्मृतिकारांनी बटाट्याला अनुमती दिलेली नाही. देणे शक्यच नव्हते, कारण त्यांनी तो पाहिलाच नव्हता. केव्हातरी, कुठल्याशा माजघरात एखाद्या बाईने हा परका कंद प्रथम फराळाच्या पानावर वाढला असेल. "हे चालते का?" असे तिलाही कोणीतरी विचारले असेलच. तिने चालवले, म्हणून आज चालते. तिच्या निर्णयाला सनातन म्हणून मिरवायचे आणि तसाच निर्णय आजच्या सुनेने चुकून घेतला तरी तिला चुलीपुढे पुन्हा उभे करायचे, याला आम्ही परंपरा म्हणत नाही. ही सासरची सत्ता आहे, आणि तिला धर्माचे नाव दिले आहे.

ती पिवळी भाजी चंद्रोदयानंतर सर्वांनी पोळीबरोबर खाल्ली. चवीला कोणीच नाव ठेवले नाही. सुनेचाही उपवास होता. दुसऱ्या खेपेची भाजी पंक्तीत संपली, तेव्हा तिने दुपार नुसत्या ताकावर काढली होती.