ओरडू नका, पोचवा



14 एप्रिल जवळ आला की वस्तीवस्तीत मुलांची नाटके बसू लागतात. आमच्या विहारातही रविवारी दुपारी पहिली ते चौथीच्या मुलांची तालीम असते. मी पेशाने कारकून, नाटकाचे शिक्षण घेतलेले नाही. पण मुलांबरोबर चुकत चुकत जे समजले, ते आयाबापांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

पहिली चूक माझीच. "मोठ्याने! आणखी मोठ्याने!" असे मी सारखे सांगत असे. एका वर्षी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी निम्म्या मुलांचे घसे बसले. लहान मुलांचे स्वरयंत्र नाजूक असते. सतत किंचाळल्याने स्वरतंतूंवर बारीक गाठी येऊ शकतात. आवाज दोन-तीन आठवडे घोगराच राहिला तर खडीसाखरेवर विसंबू नये, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

आता मी मुलांना सतरंजीवर उताणे झोपवतो आणि प्रत्येकाच्या पोटावर एक वही ठेवतो. श्वास घेताना वही वर आली पाहिजे, खांदे नव्हे. मग 'स्स्स' करत श्वास हळूहळू सोडायचा. कोणाचा जास्त टिकतो याची शर्यत लागते. (यात दंगेखोर पोरेच पहिली येतात!)

दुसरी गोष्ट आपल्या भाषेची. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि मुलांचा श्वास नेमका तिथेच संपतो. "मी शाळा सोडणार नाही" यातला 'नाही' गिळला, की प्रेक्षकांना ऐकू येते, "मी शाळा सोडणार!" म्हणून एक मूल पुढे उभे करतो, बाकीची दाराशी. शेवटचा शब्द ऐकू आला तरच दाराशी असलेल्यांनी हात वर करायचा. मला वेगळे काही सांगावेच लागत नाही.

उच्चारांचा प्रश्न मात्र अवघड. आमच्याकडे तिसरीतली एक मुलगी आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला झाड केले होते, कारण काय, तर बोलणे अशुद्ध. ती 'पाणी'ला 'पानी' म्हणते. तिची आजीही तसेच म्हणते. विहारात आल्यावर पहिले तीन रविवार या मुलीने तोंडच उघडले नाही. 'ण' म्हणताना जीभ मागे वळवून टाळूला लावायची, हे आरशात दाखवले तर मूल लवकर शिकते. पुढे मुलाखतीत ते लागते, म्हणून शिकवावेच. पण हसून नव्हे. भीमराव कर्डकांच्या जलशांनी बाबासाहेबांचा विचार लोकांपर्यंत नेला, तो लोकांच्याच बोलीत. रत्नाकर मतकरी यांनी 2014 मध्ये ठाण्यात 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला, तेथेही वस्तीतल्या मुलांनी स्वतःच्या जगण्यावर नाटिका केल्या.

आम्ही त्या मुलीला नळावरच्या आजीची भूमिका दिली आणि 'पानी' तसेच ठेवले. "पानी आलं नाही, तरी पोरीची शाळा चुकनार नाही," हे तिचे वाक्य. गेल्या रविवारी दाराशी सगळे हात वर झाले. तिची आजी भांडी घासायची टाकून बघायला आली होती. ती म्हणाली, "माझीच नक्कल करती गं बाई!"

येत्या रविवारी तीन वाजता तालीम आहे. मुलांबरोबर एक वही आणि प्यायच्या पाण्याची बाटली द्यावी.