विमाने जपली, वैमानिकांचे काय?

मिग-२१ या लढाऊ विमानाला २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडमध्ये समारंभपूर्वक निरोप देण्यात आला. नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने अशी शेकडो विमाने बांधली. त्यांचे सांगाडे मिळवून चौकात उभे करण्यास राज्यकर्ते नेहमीच उत्सुक असतात. परंतु ज्यांनी ती युद्धात उडवली त्यांच्या वह्या, पत्रे आणि आठवणी कोण सांभाळणार, या प्रश्नाला दिल्लीत उत्तर नाही.

हा प्रश्न बंगळुरूत अधिक तीव्रतेने जाणवतो. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या भागीदारीत तेथे विमान कारखाना काढला. महायुद्धामुळे १९४२ मध्ये तो सरकारने ताब्यात घेतला आणि पुढच्या वर्षापासून तेथे अमेरिकी हवाई दलाची विमाने दुरुस्त होऊ लागली. या परंपरेचे जतन करण्यासाठी कंपनीने २००१ मध्ये वारसा संग्रहालय उघडले. मारुतसारखी स्वदेशी विमाने तेथे पाहता येतात. संग्रहालय उत्पादक कंपनीचे असल्याने यंत्राची कथा आधी आणि माणसाची नंतर येणार, हे स्वाभाविकच आहे. उणीव भरून काढण्याची जबाबदारी म्हणूनच एकट्या कंपनीवर टाकता येणार नाही.

हे संग्रहालय शहराच्या पूर्वेला, तर राजाजीनगर पश्चिमेला. चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या नावाच्या या उपनगरात घरांच्या जोडीने उद्योगांची वसाहत वाढली. अशा जुन्या उपनगरांत बैठी घरे पाडून बहुमजली इमारती उभ्या राहतात, तेव्हा ट्रंकेतील उड्डाणाची नोंदवही किंवा आघाडीवरून आलेली पत्रे रद्दीत जाण्यास एक दुपार पुरते. वारसांना त्यांचे मोल ठाऊक नसते आणि शहराच्या दुसऱ्या टोकाची संस्था दारापर्यंत येत नाही. नोकरीनिमित्त परप्रांतात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची अडचण तर दुहेरी आहे. मूळ राज्याला त्यांचा पत्ता नसतो आणि राहत्या राज्याला त्यांचा इतिहास आपला वाटत नाही.

नोंद हरवली की काय होते, हे कर्नाटकानेच अनुभवले आहे. कोडगूचे स्क्वाड्रन लीडर अज्जमाड बोपय्या देवय्या ७ सप्टेंबर १९६५ रोजी सरगोधावरील हल्ल्यातून परतले नाहीत. आपल्या मिस्टेअर विमानापेक्षा कितीतरी वेगवान असलेले स्टारफायटर त्यांनी पाडले होते, पण भारताला त्याचा पत्ता नव्हता. १९७९ मध्ये जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाच्या पुस्तकामुळे त्या झुंजीकडे लक्ष गेले आणि मरणोत्तर महावीर चक्र जाहीर होण्यास १९८८ साल उजाडले. एका शूराला न्याय मिळण्यास तेवीस वर्षे लागली, तीही परक्याच्या लेखणीमुळे.

साक्षीदार आता झपाट्याने कमी होत आहेत. काश्मीरमधील १९४७-४८ च्या लढाईत महावीर चक्र मिळवणारे आणि पुढे हवाई दलप्रमुख झालेले हृषीकेश मुळगावकर २०१५ मध्ये गेले. ऑगस्ट १९७२ मध्ये दोन सहकाऱ्यांसह रावळपिंडीच्या युद्धबंदी छावणीतून निसटून अफगाण सीमेजवळ पोहोचलेले दिलीप परुळकर यांचे २०२५ मध्ये निधन झाले. या दोघांची नावे निदान पुस्तकांत राहिली. त्यांच्या विमानांची रात्रभर दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

सरकारने काहीच केलेले नाही, असे नव्हे. पालमचे हवाई दल संग्रहालय १९६७ पासून आहे. मे २०२३ मध्ये चंडीगड प्रशासन आणि हवाई दल यांनी मिळून वारसा केंद्र उभारले. युद्धविषयक सरकारी कागदपत्रे साधारणपणे पंचवीस वर्षांत खुली करण्याचे धोरण संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये मंजूर केले. मात्र हे धोरण सरकारी दप्तरापुरते आहे. घराघरांतील दप्तर त्याच्या कक्षेबाहेर राहते.

संरक्षणाचा पैसा शस्त्रांवर खर्च व्हावा, आठवणींवर नव्हे, असा आक्षेप घेतला जाईल. येथे गरज विमानखरेदीएवढ्या रकमेची नाही. दोन-चार प्रशिक्षित दप्तरपाल, ध्वनिमुद्रणाची सोय आणि दरवर्षी न चुकता मिळणारी तरतूद एवढ्यावर काम सुरू होऊ शकते. चंडीगडप्रमाणे बंगळुरूतही कर्नाटक सरकार, हवाई दल आणि कंपनी यांनी करार करावा. राजाजीनगरसारख्या उपनगरांत ठरावीक दिवशी संकलन केंद्रे भरवून कागदांच्या प्रती घ्याव्यात आणि मूळ कागद कुटुंबाला परत द्यावेत. ओझर आणि पुण्याच्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या महाराष्ट्रानेही या खर्चात वाटा उचलावा. राजधानीतील मराठी अधिकाऱ्यांनी हा प्रस्ताव संरक्षण आणि संस्कृती या दोन मंत्रालयांच्या मध्ये अडकू न देता पुढे रेटणे अगत्याचे आहे. सांगाडा दहा वर्षांनीही रंगवून उभा करता येईल. नव्वदीतल्या वैमानिकाची साक्ष नोंदवण्यासाठी तेवढा अवधी हाती नाही.