सल्ला पुरे, हात द्या!

बाळंतिणीच्या खोलीत शिरताना आपण चपला बाहेर काढतो, शहाणी माणसे हातपायही धुतात. जीभ मात्र कोणी बाहेर ठेवीत नाही.

गेल्या वर्षी कापसाच्या हंगामात आमच्या धर्मग्रामातील एका घरी बाळ पाहायला गेले होते. मुलगी पहिलटकरीण, बाळ अकरा दिवसांचे. तासाभरात सहा-सात जणी येऊन गेल्या. एकीने सांगितले, मधाचे बोट चाटवा, वाणी गोड होते. दुसरीने घुटी उगाळण्याचा क्रम शिकवला. तिसरीने बाळाचे रडणे ऐकून निदान केले की, दूध पुरत नाही, डबा आणा. चौथीने मोबाईलवर आलेला संदेश वाचून दाखवला. तो या तिन्ही सल्ल्यांच्या उलट होता. मुलगी प्रत्येकीला ‘हो’ म्हणत होती आणि प्रत्येक ‘हो’गणिक तिचा चेहरा उतरत होता. शेवटी शेजारच्या बौद्ध कुटुंबातल्या एक मावशी आल्या. त्यांनी बाळ पाहिले, ‘बरं आहे लेकरू’ एवढेच म्हणाल्या, मागच्या दारी भिजत पडलेली लंगोटे धुऊन दोरीवर टाकली, चार भाकरी थापल्या आणि निघून गेल्या.

आम्ही बाकीच्या प्रभूचे नाव घेऊन आलो होतो. प्रभूचे काम कोणी केले, हे वाचकांनीच ठरवावे.

माझे म्हणणे थोडक्यात असे : ज्याला बाळंतिणीच्या घरात हात लावायचा नाही, त्याला तेथे तोंड उघडण्याचा अधिकार नाही. हे विधान कठोर वाटेल, पण त्यास शुभवर्तमानाचा आधार आहे. लूककृत शुभवर्तमानाचा पहिलाच अध्याय उघडा. त्यात बाळंतिणीकडे आलेल्या माणसांची दोन चित्रे एकाच अध्यायात, शेजारी शेजारी दिलेली आहेत. पहिले चित्र मरियेचे. एलिझाबेथला म्हातारपणी दिवस गेले आहेत हे कळताच ती स्वतः नुकतीच गरोदर असतानाही गालीलाहून यहुदियाच्या डोंगराळ मुलखात घाईने गेली आणि सुमारे तीन महिने राहिली. तिने स्तोत्र गाइले हे लूकने लिहिले आहे. एलिझाबेथला तिने अमुक खा, तमुक करू नको असे सांगितल्याचे कोठेही लिहिलेले नाही. दुसरे चित्र शेजाऱ्यांचे. मूल जन्मल्यावर शेजारीपाजारी आणि नातेवाईक जमले, आनंद केला, तो योग्यच होता. पण आठव्या दिवशी त्यांनी मुलाचे नावही स्वतःच ठरवून टाकले : बापाचे, जखऱ्या. आईने ‘नाही, योहान’ असे स्पष्ट सांगितले, तरी तिच्यावर कोणाचा विश्वास बसेना. मुक्या बापाला पाटीवर लिहून द्यावे लागले, तेव्हा कोठे मंडळी गप्प झाली!

दोन हजार वर्षे झाली. ३१ मे रोजी आपण मरियेच्या भेटीचा सण पाळतो आणि उरलेले वर्षभर त्या शेजाऱ्यांचा कित्ता गिरवतो.

येथे कोणी म्हणेल, जुन्या बायांचे ज्ञान तुम्ही कमी लेखता. मुळीच नाही. आमच्या जिल्ह्यात, घाटावर काय आणि घाटाखाली काय, बाळंतिणीला सव्वा महिना विसावा द्यावा, तिला कोमट, ताजे, पौष्टिक खाऊ घालावे, अळिवाचे आणि डिंकाचे लाडू करावेत, बाळाला उबेत ठेवावे, आईजवळ निजवावे, ही रीत जुन्या बायांनीच राखली. त्या रीतीत शहाणपण होते, कारण तिच्यात श्रम होते. लाडू कोणाला तरी वळावे लागत, पाणी कोणाला तरी तापवावे लागे. आज श्रम गळून पडले आणि सल्ला तेवढा शिल्लक राहिला. लाडू कोणी आणीत नाही; घुटी मात्र सगळ्या सांगतात.

आणि सल्ला तरी कसला? गाईच्या पहिल्या चिकाचा खरवस आपण गूळ-वेलची घालून मिटक्या मारीत खातो. पण आईचा पहिला चीक ‘जड’, ‘वाईट’ म्हणून पिळून टाकायला सांगतो. वासराला जे मानवते ते लेकराला मानवणार नाही, हा न्याय कोणता? त्या पिवळसर घट्ट थेंबांत बाळाला रोगांपासून वाचवणारे घटक असतात. निसर्गाने दिलेली ती पहिली लस होय. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देणे धोक्याचे आहे, कारण मधातील जंतूंचे बीज त्याच्या कोवळ्या आतड्यात वाढून विष तयार करू शकते. काजळात शिसे असू शकते. सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीदेखील लागत नाही, उन्हाळ्यातही नाही. सातपुड्याच्या पायथ्याचे आमचे तालुके मेळघाटाला लागून आहेत. त्या मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापल्या लोखंडाने डाग देण्याची ‘डंबा’ नावाची रीत अजून पुरती मेलेली नाही. डाग देणारा हातही कोणाच्या तरी सल्ल्यानेच उठतो.

आपल्या मंडळींना एका गोष्टीचा मात्र फार त्वेष येतो. शेजारणीने पाचवी पुजण्याविषयी, सटवाईविषयी काही सुचवले, की लगेच ‘आमच्यात ते चालत नाही’ असे ताठपणे सांगितले जाते. ठीक आहे, श्रद्धेचा प्रश्न आहे. पण हीच ताठ मान डब्यापुढे लवते! केंद्र सरकारने १९९२ मध्ये कायदा करून दुधाच्या भुकटीच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातीवर बंदी घातली आणि २००३ मध्ये तो आणखी कडक केला. डब्यावर आईचे किंवा बाळाचे चित्र छापता येत नाही. उलट आईचे दूध सर्वोत्तम, असे त्यावर छापावे लागते. कंपनीला जे करण्यास कायद्याने बंदी आहे, ते आपण शेजारधर्म म्हणून फुकट करतो. बाप्तिस्म्याच्या दिवशी बाळंतविड्याबरोबर बाटली भेट देणाऱ्या हौशी मावश्या मी पाहिल्या आहेत. एखाद्या बाळाला डॉक्टरांनी कारण पाहून वरचे दूध सांगितले असेल, तर तो वेगळा प्रश्न; त्या आईला कोणी नावे ठेवू नयेत. पण रडण्याचा प्रत्येक सूर म्हणजे दूध कमी, हे निदान करणारी शेजारीण त्या आईचा स्वतःवरचा विश्वासच आटवते. आणि बाटली लागून बाळ अंगावर कमी पिऊ लागले, की दूधही खरोखरच कमी होत जाते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यांत झाली; पण जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेली मुले होती फक्त ४१.८ टक्के. म्हणजे खाट मिळाली, सुई मिळाली, नोंद झाली. पण बाळाला छातीशी लावायला मदत करणारा हात निम्म्याहून अधिक बाळांच्या वाट्याला वेळेत आला नाही. तेव्हा दोष केवळ अडाणी शेजारणींचा नाही. सुशिक्षितही जिभेनेच काम भागवतात.

यातले सर्वांत कडू सत्य आमच्या शेतांत दिसते. कापसाच्या वेचणीला मजुरी किलोवर मिळते. जितका कापूस ओटीत, तितकेच पैसे हातात. बांधावरच्या बाभळीला झोळी टांगून दोन-तीन महिन्यांचे मूल निजवायचे आणि दर दोन तासांनी तास सोडून पाजायला यायचे, म्हणजे तितका कापूस दुसरीच्या ओटीत गेला. या बाईला ‘सहा महिने फक्त अंगावरचेच दूध’ हे शास्त्रशुद्ध वाक्य ऐकवणे सोपे आहे. नोकरदार बाईला २०१७ पासून कायद्याने सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे. रोजाने दुसऱ्याच्या शेतात राबणारीला ती नाही. मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी ५००० रुपये मिळतात. ते सहा महिन्यांच्या बुडालेल्या मजुरीला कोठवर पुरतील? माझा राग चुकीच्या सल्ल्यावर आहे, तसाच बरोबर सल्ल्यावरही आहे, जर तो रिकाम्या हातांनी दिलेला असेल.

हात दिल्याने काय होते, याचा दाखला आपल्या विदर्भातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्या घरोघर गेल्या, नवजात बाळाचे वजन केले, त्याला उबेत ठेवले, आईला पाजायला मदत केली, आजार ओळखून उपचार केले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या ३९ गावांत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. त्या बाया कोण होत्या? शेजारणीच! फरक एवढाच की, त्या शिकून आल्या आणि हात रिकामे ठेवून बसल्या नाहीत. आज दवाखान्यातून घरी आलेल्या बाळाला पहिल्या सहा आठवड्यांत आशाताईंनी सहा वेळा भेटायचे, ही सरकारी पद्धतही त्याच वाटेने आली आहे.

आता आपल्या ख्रिस्तसभेकडे वळू. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात आमचा जिल्हा येतो. कॅथलिक घरे थोडी, तीही विखुरलेली. पुष्कळ मुलींचे माहेर दूर. म्हणजे जिला सर्वांत जास्त हातांची गरज, तिच्याभोवतीच ते सर्वांत कमी. अशा वेळी धर्ममाता आणि धर्मपिता ही नाती कशासाठी आहेत? फोटोसाठी, सोन्याच्या साखळीसाठी, जेवणावळीसाठी? बाप्तिस्म्याच्या दिवशी ते आईवडिलांना साहाय्य करण्याचे वचन देतात. त्या वचनात लंगोट धुणे बसत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी शिष्यांचे पाय कोणी धुतले ते आठवावे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. धर्मग्रामात मूल जन्मले की सव्वा महिन्याची यादी करावी : कोणत्या दिवशी कोणाच्या घरून डबा जाईल, पाणी कोण भरील, थोरल्या मुलाला शाळेत कोण पोहोचवील. यादीत पुरुषांचीही नावे असावीत. बापाने रात्री बाळ खांद्यावर घेऊन फेऱ्या घातल्या तर त्याचे पौरुष झिजत नाही. योसेफाने अपरात्री उठून माय-लेकरांस मिसर देशी नेले, हे विसरू नये. वेचणीच्या दिवसांत चार घरांनी मिळून एका जाणत्या बाईला बांधावर लेकरे सांभाळायला बसवावे आणि तिची मजुरी वर्गणीतून द्यावी. पाजायला येणाऱ्या आईची बुडालेली किलोची मजुरीही त्याच वर्गणीतून भरून काढावी. सल्ला द्यायचाच असेल तर आशाताईला किंवा परिचारिका म्हणून काम करणाऱ्या धर्मभगिनीला विचारून द्यावा, आणि तोही डबा खाली ठेवल्यावर.

दर वर्षी १२ जानेवारीला आमच्या जिल्ह्यातील सिंदखेड राजा येथे जिजाऊंच्या जन्मस्थानी मोठा समुदाय जमतो आणि मातृत्वाचा गौरव होतो. २०१४ मध्ये त्याच तारखेला, प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला, दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी रोममधील सिस्टीन चॅपेलमध्ये बाळांना बाप्तिस्मा दिला. बाळे भुकेली असतील तर मातांनी संकोच न करता पाजावे, कारण येथे मुख्य माणसे तीच आहेत, असे त्यांनी सांगितले. आणि आपल्या गावच्या मिस्सात मूल रडले की मागे वळून डोळे वटारणारे आपण!

जिजाऊंच्या जिल्ह्यात, मरियेच्या लेकरांनी एवढे तरी करावे. पुढच्या वेळी बाळ पाहायला जाल तेव्हा तोंडात सल्ला नव्हे, हातात भाकरी असू द्या. ती मुलगी विचारील तेवढेच सांगा. आणि ती ‘नाही, योहान’ म्हणाली, तर तिच्यावर विश्वास ठेवा.