वाढदिवसाच्या ताटावर पहारा नको

घरातल्या मधुमेही माणसाचा वाढदिवस अनेक कुटुंबांत अवघड होऊन बसतो. केक येतो, टाळ्या वाजतात आणि ज्याचा वाढदिवस, त्याच्याच तोंडाशी चिमूटभर तुकडा नेऊन सांगितलं जातं, ‘बाबा, तुम्हाला एवढंच हं!’ बाकीचे दोन-दोन तुकडे संपवतात. रात्री सगळे झोपले की बाबा फ्रिज उघडतात. पुढच्या वेळी ओपीडीत मुलगी तक्रार करते, ‘डॉक्टर, हे चोरून खातात.’ सत्तरीचे गृहस्थ शाळकरी पोरासारखी मान खाली घालून बसतात. सरकारी रुग्णालयात हा संवाद मी असंख्य वेळा ऐकला आहे.

माझं मत असं, की वाढदिवसाला गोड करावं, शक्यतो घरी करावं आणि सगळ्यांनी सारखंच खावं. घरच्या पदार्थात काय आणि किती घातलं, हे आपल्याला ठाऊक असतं. मधुमेहात याच माहितीचा खरा उपयोग होतो.

सफरचंदाचा पाय घ्या. नावाची थट्टा होणारच, पण करायला तो करंजीपेक्षा सोपा. 200 ग्रॅम पीठ (निम्मा मैदा, निम्मी कणीक), 100 ग्रॅम थंड लोणी, 600 ग्रॅम सफरचंदं सालासकट, फक्त 50 ग्रॅम साखर, दालचिनी आणि लिंबाचा रस. करंजीत मोहन जे काम करतं, तेच इथे लोणी करतं. पिठाच्या कणांवर स्निग्धाचा थर बसला की ग्लुटेनचे लांब धागे तयार होत नाहीत आणि पारी खुसखुशीत होते. चिरलेल्या फळाला साखर लागली की पाणी सुटतं. म्हणून फोडी आधी थोड्या शिजवून, गार करून भराव्यात, नाहीतर तळाची पारी भिजते.

आता हिशोब. पिठातून सुमारे 150 ग्रॅम कर्बोदकं, सफरचंदातून 80 आणि साखरेतून 50, म्हणजे एकूण 280 ग्रॅम. दहा तुकडे केले तर प्रत्येकात 28 ग्रॅम, साधारण दोन लहान पोळ्यांइतकी. उष्मांक 200 च्या आसपास. त्या जेवणात दोन पोळ्या आणि भात कमी केला की बाबांना पूर्ण तुकडा देता येतो. वरून घातलेली साखर प्रत्येक तुकड्यात जेमतेम एक चमचा.

काही गैरसमजही दूर करायला हवेत. साखरेऐवजी गूळ घातल्याने पदार्थ मधुमेहींसाठी सुरक्षित होत नाही. गुळातही मुख्यतः तीच साखर असते. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या बिस्किटात पीठ असतंच आणि पिठातल्या स्टार्चचं ग्लुकोजच होतं. कणकेनं कर्बोदकं फारशी घटत नाहीत, तंतू मात्र वाढतात. फळाचा रस काढून गाळला, तर तेही जातात.

दोन गोष्टी मात्र धोक्याच्या. ‘आज गोड खाणार’ म्हणून मनानेच गोळी किंवा इन्सुलिन वाढवू नये. आणि ‘संध्याकाळी खायचंय’ म्हणून औषध घेऊन दुपारचं जेवण टाळू नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर त्यामुळे धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळलेलं बोलणं ही त्याची लक्षणं. गोड रिकाम्या पोटी नको. आधी कोशिंबीर, उसळ, भाजी, मग तुकडा, आणि नंतर सगळ्यांनी मिळून पंधरा मिनिटं चालणं. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा साखर आधीच फार वाढलेली असेल, तर डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

एका तुकड्यानं एचबीएवनसी बिघडत नाही, कारण ती साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते. ती बिघडते रोजच्या चहातल्या साखरेनं, बिस्किटांनी, चुकलेल्या गोळ्यांनी आणि चोरून खाण्यानं. चोरून खाल्लेल्या घासाचा हिशोब कुणालाच लागत नाही, डॉक्टरलाही नाही. ज्या घरात मोकळेपणानं वाढलं जातं, तिथला रुग्ण काय खाल्लं ते खरं सांगतो आणि मग औषध नीट ठरवता येतं.

एवढं करा, की पाय कापताना दहा सारखेच तुकडे करा आणि बाबांसमोर बाकीच्यांनीही एकच घ्या. उरलेला त्याच संध्याकाळी शेजाऱ्यांकडे पाठवा. फ्रिजमध्ये काही उरलं नाही, तर रात्री पहारा ठेवायची गरजही उरत नाही.