एक खडा हलवा, दुसरा डोलेल!

बालदोस्तांनो, दोन खुर्च्यांच्या मध्ये एक सुतळी आडवी बांधा. जरा सैलच हं! तिला तीन सारखे खडे दोऱ्याने टांगा. दोन दोरे वीतभर, तिसरा त्याच्या निम्मा. लांबी पट्टीने मोजा. अंदाजावर गेले म्हणून माझा पहिला प्रयोग साफ फसला होता. आता लांब दोऱ्याच्या एका खड्याला झोका द्या आणि गप्प बसून पाहा. थोड्याच वेळात दुसरा लांब दोऱ्याचा खडा आपोआप डोलू लागेल अन् पहिला मंदावेल! आखूड दोऱ्याचा मात्र नुसता थरथरेल.

प्रत्येक झोक्याची लय त्याच्या दोऱ्याच्या लांबीवर ठरते. ही त्याची नैसर्गिक वारंवारता. सुतळीतून येणारे इवलेसे हिसके ज्याच्या लयीशी जुळतात, तोच डोलतो. याला म्हणतात अनुस्पंदन.

असे हिसके पूलसुद्धा पाडतात बरं का! १८३१ साली इंग्लंडमध्ये, मँचेस्टरजवळ ब्रॉटनच्या झुलत्या पुलावरून सैनिक एका तालात पावलं टाकत निघाले. पूल हलू लागला. त्यांना गंमत वाटली, त्यांनी आणखीच ताल धरला! एक बोल्ट आधीच कच्चा होता, तो तुटला आणि कित्येक सैनिक नदीत पडले. सुदैवाने कुणी दगावलं नाही. मग ब्रिटिश लष्करात हुकूमच निघाला: पूल आला की ताल मोडून चाला.